पुस्तक मिटून सारांश



ट्रस्टच्या अभ्यासिकेत येणारी मुले एकेक धडा पाचपाच वेळा वाचतात आणि आठवड्याने विचारले तर गप्प राहतात. पालक म्हणतात, ‘मास्तर, पोराला डोकेच नाही.’ आम्हांला हे मान्य नाही.

बी. एड. होऊन आम्ही शाळेत रुजू झालो तेव्हा ‘सारांश लिहून आणा’ असे मुलांना सांगत असू. वह्या भरून येत, आम्ही खुशीने सह्या करीत असू. पुढे ध्यानात आले की, मुले पुस्तक उघडे ठेवून धड्यातील वाक्येच उचलीत होती. आमच्या बेळगाव जिल्ह्यातील पावसाचेच घ्या. वह्यांत सह्याद्री होता, खानापूर होते, अथणी होती. पण खानापुरास मुसळधार आणि अथणीस तुटपुंजा, असे का, हेच गळले होते. पावसाळी वारे घाट चढताना थंड होतात, बहुतेक पाऊस तेथेच पडून जातो, पूर्वेस थोडा उरतो, एवढे ज्याने आपल्या शब्दांत मांडले त्याचा धडा झाला.

दोष आमचाच. सारांश लिहा म्हटले, कसा ते शिकविले नाही. जॉन डनलॉस्की प्रभृती मानसशास्त्रज्ञांनी २०१३ साली अभ्यासाच्या दहा रीती पारखल्या, तेव्हा सारांशास खालच्या गटात बसविले. तालीम नसलेल्या मुलांस त्याचा फारसा लाभ होत नाही म्हणून. उलट रोडिगर व कार्पिक यांच्या २००६ मधील प्रयोगात, उतारा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी पुढे होते, आठवड्यानंतर मात्र न पाहता आठवून लिहिणारे पुढे गेले.

आमच्या घरची बोली दखनी. अम्मीला मराठी वाचता येत नसे. भाकऱ्या थापता थापता ती विचारी, ‘आज क्या पढ्या?’ तेथे पुस्तकी शब्द कामाचे नव्हते. धडा समजला असेल तरच दखनीत सांगता येई. अडलो की ती हसे आणि आम्ही दप्तराकडे धावत असू. ते धडे अजून आठवतात.

पालकहो, आपणांस वाचता येत नसले तरी चालेल. मुलाला पुस्तक मिटून धडा घरच्या बोलीत सांगू द्या. मग त्याने पाच ओळी लिहाव्यात आणि शेवटी पुस्तक उघडून चूक दुरुस्त करावी. गाइडातला तयार सारांश नको. दुसरा जेवला म्हणून आपले पोट भरत नाही. पाढे आणि सनावळ्या तेवढ्या पाठच कराव्या लागतात, त्यांस ही युक्ती लागू नाही.

उद्या संध्याकाळपासून आम्ही अभ्यासिकेत बसणार आहोत. मुलांनी वही घेऊन यावे, पुस्तक दाराशी ठेवावे.