दोन शिलिंग आठ पेन्स



परीक्षा हे शिक्षणाचे माप आहे. पण मापालाच माल समजले म्हणजे काय होते, याचा एक जुना दाखला आम्ही आज आपल्यापुढे ठेवणार आहोत. इंग्लंडात १८६२ साली रॉबर्ट लो यांनी शाळांच्या अनुदानाची नवी नियमावली आणली. वर्षातून एकदा इन्स्पेक्टर येई आणि वाचन, लेखन, गणित यांत एकेका मुलाची परीक्षा घेई. मूल एका विषयात नापास झाले की शाळेचे २ शिलिंग ८ पेन्स बुडत. कच्च्या मुलाकडे पाहताना मास्तरांना तेवढे नुकसानच दिसू लागले तर दोष कोणाचा?

इतिहास-भूगोल मागे पडले. नेमलेले वाचनाचे पुस्तक वर्षभर घोकून घेण्यात येई. इतके की, पुस्तक उलटे हाती दिले तरी मुले धडा घडाघडा म्हणत, अशा हकीकती आहेत. कवी मॅथ्यू आर्नल्ड पोटासाठी शाळा-इन्स्पेक्टरच होते. या यांत्रिक शिक्षणाविरुद्ध ते आपल्या अहवालांतून लिहीत राहिले. तरी ती पद्धत जायला तीसेक वर्षे लागली.

आपण हसलात. आम्हीही हसलो होतो. पण ‘अपेक्षित’ प्रश्नसंच घरी कोण आणतो? पाठ करायचे निबंध देणारी शिकवणी कोण शोधतो? परवा शेजारच्या मुलीला आम्ही सहज विचारले, “पाऊस का पडतो ग?” ती म्हणाली, “काका, दोन मार्कांचं उत्तर सांगू, की चार?”