नशीब म्हणजे वाटा. पण वाटणारा कोण?
(वर्धापनदिनी विहारात दिलेले भाषण)



आपण विहारात पंचशील घेतो, आणि घरी पोरगा दहावीला नापास झाला की चटकन म्हणतो, "नशीबच फुटकं, दुसरं काय!" हा शब्द आला कुठून, ते आज पाहू.

'नशीब' हा मूळ अरबी शब्द. त्याचा अर्थ वाटा, हिस्सा. 'किस्मत' हाही अरबीच, अर्थ वाटणी. आपल्या 'भाग्य' शब्दातही 'भाग' आहेच. आता वाटा म्हटला की वाटणारा आला. तो कोण, हे मात्र कुणी विचारू देत नाही.

भगवान बुद्धांच्या काळी मक्खली गोसाल 'नियती' शिकवीत असे. फेकलेला सुताचा गुंडा जसा उलगडत जातो, तसे आयुष्य. प्रयत्नाने काही होत नाही, असे तो म्हणे. भगवंतांनी हे नाकारले. सगळे पूर्वकर्मानेच ठरते, या मतालाही अंगुत्तर निकायात त्यांचे उत्तर आहे. तसे असेल तर चोरी करणाराही पूर्वकर्मामुळेच चोर ठरेल. मग शील कशाला आणि प्रयत्न तरी कशाला?

आपल्या वाडवडिलांच्या वाट्याला महारकी आली, वेठ आली, शिळे तुकडे आले. लोक म्हणाले, गेल्या जन्मीचे पाप! बाबासाहेबांनी ते मानले नाही. १९२८ साली त्यांनी मुंबई कायदे मंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल मांडले. पुढे १९५८ च्या कायद्याने ही वतने रद्द झाली. कपाळावर लिहिलेले म्हणून जे सांगितले, ते १८७४ च्या वतन कायद्याच्या कागदावर निघाले. कागदावरचे खोडता येते!

सगळेच आपल्या हाती नसते, हेही खरे. पण प्रत्येक गोष्टीला कारण असते, आणि ते शोधणे आपल्या हाती आहे.

म्हणून बंधुभगिनींनो, नापास झालेल्या लेकराला नशीब सांगू नका. कोणता विषय राहिला ते विचारा. फेरपरीक्षेचा फॉर्म भरा. संध्याकाळी घरातला टीव्ही बंद ठेवा. या विहारात दिवा आहे, सतरंजी आहे. वस्तीतल्या शिकलेल्या पोरापोरींनी इथे तासभर गणित, इंग्रजी शिकवावे. आपल्या मुलांचा वाटा आता आपणच ठरवू.

नमो बुद्धाय! जयभीम!