विलायती गुलाब आणि आमची फेब्रुवारीतली छाटणी

गेल्या दिवाळीनंतर आमच्या गटानं वर्गणी काढून विलायती झुडुपी गुलाबाची चार कलमं आणली. चारातली तीन गेली. ती कशी गेली हे सांगायलाच आज बसलोय, कारण यंदा तुमच्यातल्याही काही जणी अशी कलमं आणणार असं कानावर आलंय.

आधी गुलाबाची ओळख. पॉलिहाऊसचा गुलाब आपण पाहतो. दांडा लांब, फूल टिकाऊ, पण नाकाशी धरला तर वास नाही. युरोपातल्या जुन्या गुलाबांना वास भरपूर, पण बहुतेक वर्षातून एकदाच फुलायचे. चीनमधले गुलाब मात्र पुन्हा पुन्हा फुलणारे. ते तिकडे पोचले, संकर झाले, फुलं वाढली. पण पुढं बऱ्याच जातींचा वास उणा झाला.

इंग्लंडात श्रॉपशायरमधल्या एका शेतकऱ्याच्या मुलाला, डेव्हिड ऑस्टिनला, दोन्ही हवं होतं. त्याचा १९६१ मधला पहिला गुलाब, कॉन्स्टन्स स्प्राय, सुगंधी होता, पण उन्हाळ्यात एकदाच फुलायचा. पुन्हा फुलणाऱ्या जाती यायला आणखी आठ वर्षं गेली. आम्ही आणला तो १९८६ चा, गर्ट्रूड जीकल. हे नाव एका बाईंचं. त्या चित्रं काढायच्या, भरतकाम करायच्या. नजर अधू होत गेली तशा बागांकडे वळल्या आणि चारशेच्या आसपास बागा आखल्या. फूल गडद गुलाबी, पाकळ्या गच्च, वास जुन्या गुलाबाचा. काटे मात्र बोरीला लाजवतील असे!

आता आमची चूक. फोनवरच्या व्हिडिओत इंग्लंडचा माळी फेब्रुवारीत छाटणी करत होता. आम्हीही फेब्रुवारीतच कात्री घेतली आणि तीन झाडं गुडघ्याखाली आणली. तिकडे तेव्हा थंडी सरत असते, झाड जागं व्हायचं असतं. आपल्याकडे तेव्हा गुलाब फुलावर असतो आणि पुढं ऊन उभं असतं. मार्चच्या उन्हात कोवळी फूट करपली, काड्या वरून काळ्या पडत खाली आल्या.

मग बुडातून जोमदार फुटवे आले. आम्ही खूश! चैत्रातल्या हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना कौतुकानं दाखवले. शेणखत घातलं, गांडूळखत घातलं. पावसाळा सरला तरी कळी नाही. जाणत्या माळ्यानं माती उकरून दाखवलं: डोळा भरलेला सांधा वर वाळून गेलाय आणि फुटवे त्याच्या खालून, जंगली खुंटाचे. सहा महिने आम्ही खुंटालाच पोसत होतो.

चौथं झाड काकूंच्या न्हाणीपाशी होतं. त्या छाटायलाच विसरल्या, म्हणून ते वाचलं. सुकलेलं फूल वाईट दिसतं म्हणून त्या रोज खुडायच्या, आणि खरी गोम तिथंच आहे. फूल झाडावर राहिलं की बोंड धरतं, झाड बी पोसायला लागतं, नवी कळी लांबते. सुकलेलं फूल खालच्या पाच पानांच्या डहाळीपर्यंत कापलं, की तिथून नवी फूट येते. उन्हाळ्यात फुलं बारकी आली, तरी आली.

परवा आम्ही त्याची छाटणी केली, पाऊस संपल्यावर, आपल्या वेळेला. तिसरा हिस्सा उंची कमी केली, वाळक्या काड्या काढल्या. खुंटाचा एक फुटवा आलाच होता. तो मुळापाशी माती उकरून हातानं ओढून काढला. वरून कापला असता तर तिथूनच पुन्हा फुटला असता. बहर मार्गशीर्षात यावा.

कलम घ्यायला जाल तेव्हा पिशवीतली माती बोटानं बाजूला करा आणि सांधा कुठं आहे ते बघा. लावताना तो मातीच्या वर ठेवा. जागा सकाळच्या उन्हाची हवी. आणि तीन कलमांचे पैसे गटाच्या वहीत आम्ही अजून खर्चाखालीच लिहून ठेवलेत.