कडेवर कोरलेले नाव

लष्करी पदकांमध्ये शौर्यपदक आणि मोहीमपदक असा भेद आहे. शौर्यपदक एखाद्याचा विशेष पराक्रम पाहून दिले जाते, तर मोहीमपदक एखाद्या युद्धात नियमाप्रमाणे सेवा केलेल्या प्रत्येकाला मिळते. त्यामुळे रणात पडलेल्या शिपायाचाही त्यावर हक्क असे आणि ते त्याच्या वारसाकडे पाठवले जाई.

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. कुत-अल-अमारा येथे तुर्की सैन्याने या डिव्हिजनला वेढा घातला आणि उपासमारीने खचलेल्या फौजेने १४७ दिवसांनी, २९ एप्रिल १९१६ रोजी, शरणागती पत्करली. कित्येक जण वेढ्यात मेले, कित्येक नंतरच्या कैदेत.

या युद्धासाठी दिलेले ‘ब्रिटिश वॉर मेडल’ ३६ मिलिमीटर व्यासाचे असून त्याच्या एका बाजूस पंचम जॉर्जचा मुखवटा व दुसऱ्या बाजूस घोड्यावर आरूढ संत जॉर्ज आहे. लढाऊ शिपायाला ते चांदीचे मिळाले. हमालांसारख्या बिनलढाऊ सेवकांना मात्र तेच पदक काशाचे देण्यात आले, आणि मरणाची जोखीम दोघांनाही असताना केलेला हा भेद आजही खुपतो. पदकाचे खरे मोल मात्र त्याच्या कडेवर आहे. तेथे शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण रोमन लिपीत उमटवलेली असते.

या नावाचे महत्त्व इराकमधील बसऱ्याच्या स्मारकाकडे पाहिल्यावर कळते. ज्यांच्या कबरी सापडल्या नाहीत अशा चाळीस हजारांहून अधिक सैनिकांसाठी १९२९ मध्ये उभारलेल्या या स्मारकावर भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, पण साध्या भारतीय शिपायांची पलटणवार केवळ संख्या दिली गेली व त्यांची नावे कागदी नोंदवहीत राहिली. दगडावर जे नाव आले नाही, ते या छोट्याशा चकतीच्या कडेवर आले होते.

अडीअडचणीला अशी पदके सोनाराकडे मोडली गेली, तेव्हा चांदीबरोबर नावही मुशीत गेले. ज्या घरी पदक उरले आहे तेथे ते उजळताना मुखवट्यापेक्षा कडेलाच अधिक जपावे लागते, कारण राखेने वरचेवर घासल्यास ती बारीक अक्षरे झिजून जाऊ शकतात.