पान उलटून पाहा
(बरकतपुरा येथे न्यासाच्या महोत्सवप्रसंगी दिलेले भाषण)



अनाब-ए-शाही द्राक्षाचा आपल्या हैदराबादेतील प्रसार अब्दुल बाकेर खान यांच्या नावाशी निगडित आहे. जात उत्तम, परंतु केवडा रोगास ती लवकर बळी पडते. आमच्या अंगणातील मांडवावर याच जातीचा वेल होता. एका वर्षी ऑक्टोबरच्या छाटणीनंतर पाऊस लांबला आणि पानांवर पांढरे दिसू लागले. मी पदवीधर शिक्षक! ही भुरीच, असे ठरवून मी गंधकाची भुकटी धुरळली. थोड्याच दिवसांत कोवळे घड वाळून गळाले. रोग केवड्याचा होता. चूक सर्वस्वी माझी. म्हणूनच ती येथे सांगत आहे.

भुरी राखेसारखी पानावर व मण्यांवर पसरते; बोटाने पुसली जाते. तिला पान ओले असावे लागत नाही. दाट सावली व ढगाळ हवा पुरते. केवड्यात पानाच्या वरच्या बाजूस तेलकट पिवळे डाग पडतात आणि नेमके त्यांच्याखाली, पानाच्या पाठीवर, कापसासारखी पांढरी वाढ होते. त्याला ओले पान हवे. करप्यात पानास भोके पडतात व मण्यांवर पक्ष्याच्या डोळ्यासारखे खोलगट डाग येतात.

भुरीस गंधक चालते, केवड्यास ताम्र लागते. फ्रान्समध्ये बोर्डोजवळ वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून वाटेकडच्या वेलींवर मोरचूद व चुना शिंपडीत. त्याच वेली केवड्यातून वाचल्या, हे प्राध्यापक मिलार्दे यांनी हेरले व 1885 साली प्रसिद्ध केले. शंभर लिटर पाण्यास एक किलो मोरचूद व एक किलो चुना, हे त्या बोर्डो मिश्रणाचे एक टक्का प्रमाण. मात्र ते रोग येण्यापूर्वीच फवारावे. वाळलेला घड त्याने परत येत नाही.

घड उतरविल्यावरही धोका संपत नाही. राखाडी बुरशी बागेतूनच मण्यासोबत येते आणि शीतगृहात शून्य अंशालाही हळूहळू वाढते. बोटाने दाबताच साल सरकली, तर तो मणी गेला असे समजावे. एका मण्यावरून ती शेजारच्या मण्यांवर जाते. म्हणून पेटी भरण्यापूर्वी फुटके व डागी मणी कात्रीने काढावेत आणि ओला घड पेटीत ठेवू नये.

माझ्या विद्यार्थ्यांना मी आता एकच सवय लावतो: औषधाच्या दुकानात जाण्यापूर्वी पान उलटून पाहावे. आपणांसही माझी हीच विनंती आहे.