सायकलीवरून शिखराकडे

चार मित्र एकत्र जमले, त्यांतील एकानें नकाशावर बोट ठेविलें आणि दुसऱ्यानें ‘तेथपर्यंत सायकलीनें जायचें आणि मग वर चढायचें’ असें म्हटलें, कीं बेत ठरला असें तरुण मंडळींस वाटतें. वस्तुतः त्या दिवशीं ठरतो तो केवळ उत्साह. बेत ठरावयास आणखी तीन-चार बैठका लागतात, आणि त्या बैठकांत उत्साहाला आडवे प्रश्न विचारणारा एक तरी मनुष्य असावा लागतो. असा मनुष्य मित्रमंडळांत फारसा लोकप्रिय नसतो. परंतु त्याला वगळून आंखलेले बेत बहुधा कसाऱ्याच्या पायथ्याशींच संपतात.

सायकल आणि गिर्यारोहण यांची सांगड आजची नव्हे. १९३१ सालीं म्यूनिकचे फ्रान्झ आणि टोनी श्मिड हे दोघे तरुण बंधु सायकलींवर दोर आणि सामान बांधून स्वित्झर्लंडांतील झेरमॅट गांवीं गेले. खिशांत पैसा थोडा, म्हणून सायकल. त्यांत पराक्रमाचा आव नव्हता. ३१ जुलै आणि १ ऑगस्ट या दोन दिवसांत त्यांनीं मॅटरहॉर्नची उत्तरेकडील भिंत चढून दाखविली. तोंवर ती कोणासहि साधली नव्हती. ४,४७८ मीटर उंचीच्या त्या माथ्यावर ते पोंचले तेव्हां वादळ चालू होतें. घरीं परतले तेहि सायकलींवरूनच. पुढल्या वर्षीं लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिक सामन्यांच्या वेळीं या चढाईबद्दल दोघां बंधूंस पारितोषिक जाहीर झालें. पण टोनी त्यापूर्वींच दुसऱ्या एका पर्वतावरून पडून मरण पावला होता.

हा दाखला ऐकून ज्याला मॅटरहॉर्नचीं स्वप्नें पडूं लागतील त्यानें आधीं कळसूबाईकडे पाहावें. महाराष्ट्रांतील हें सर्वांत उंच शिखर अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यांत आहे. उंची १,६४६ मीटर, म्हणजे सुमारें ५,४०० फूट. पायथ्याचें बारी हें गांव मुंबईहून दीडशे किलोमीटरांच्या घरांत आहे. ठाणें, शहापूर, कसारा, मग थळ घाट चढून इगतपुरी आणि पुढें घोटी. घोटीस आग्रा रस्ता सोडून भंडारदऱ्याच्या रस्त्याला लागावयाचें.

ताशीं वीस किलोमीटर धरले तर आठ तासांच्या आंत बारी, असा हिशेब बैठकींत कोणी तरी मांडतोच, आणि कागदावर तो फार गोड दिसतो. या हिशेबांत घाट नसतो, ऊन नसतें, पाठीमागचें ओझें नसतें आणि पंक्चरहि नसतें. शहापूर मागें पडलें कीं रस्ता हळूहळू वर वर जाऊं लागतो. कसाऱ्यापुढें तर सायकल चालविणें आणि सायकलीशेजारीं चालणें यांच्या वेगांत फारसें अंतर उरत नाहीं. त्यांत अवजड मालमोटारी अंगावरून जातात. पहांटे चारला निघालेली मंडळी घाटाशीं येतात ती ऐन उन्हाच्या वेळीं, जेव्हां पायांतील पहिला जोम सरलेला असतो. रोजचा सराव असलेला मनुष्य एका दिवसांत बारी गांठील. रविवारच्या रविवारीं मरीन ड्राइव्हवर फेरी मारणाऱ्यानें इगतपुरीस मुक्काम करावा हें उत्तम. तेथून बारी पस्तीसेक किलोमीटर राहतें. दुसऱ्या दिवशीं सकाळच्या गारव्यांत तेवढें अंतर सहज कापतां येतें, आणि उरलेला दिवस पायांना विश्रांति मिळते.

तिसऱ्या दिवशीं पहांटे चढाई. वाट मळलेली आहे. जेथें उभे कडे आहेत तेथें लोखंडी शिड्या बसविल्या आहेत. माथ्यावर कळसूबाईचें लहानसें देऊळ आहे. नवरात्रांत तेथें यात्रा भरते, आणि सुट्टीच्या दिवशींहि शिड्यांपाशीं खोळंबावें लागतें. तेव्हां तारीख निवडतांना पंचांग पाहणें हा कांहीं केवळ आजीबाईंचा छंद नव्हे. पावसाळ्यांत डोंगर अतिशय देखणा दिसतो, पण खडक शेवाळून निसरडे होतात आणि धुक्यांत दहा पावलांवरचें दिसत नाहीं. उन्हाळ्याचें तर नांवच नको. दिवाळीपासून माघापर्यंतचे दिवस सर्वांत चांगले.

आतां शरीराचा एक धर्म येथें ध्यानांत घेतला पाहिजे, कारण सायकलपटूंना तो बहुधा ठाऊक नसतो. सायकल चालवितांना मांडीच्या पुढचा स्नायु आंखडतां आंखडतां जोर लावतो. डोंगर उतरतांना त्याच स्नायूला लांबत असतां शरीराचा भार पेलून धरावा लागतो. हें दुसरें काम सायकल कधींच शिकवीत नाहीं. म्हणून शेंकडों किलोमीटर सायकल चालविलेला तरुण टेकडी झपाझप चढतो, पण उतरल्यानंतर त्याच्या मांड्या भरून येतात. गंमत अशी कीं ही वेदना त्याच सायंकाळीं जाणवत नाहीं. एक-दोन दिवसांनीं ती पूर्ण भरांत येते, म्हणजे नेमकी परतीच्या प्रवासांत. यावर उपाय स्वस्त आहे. दोन महिने आधींपासून राहत्या इमारतीचे जिने केवळ चढूं नयेत, सावकाश उतरावेतहि. पाठीवर पांच-सहा किलोंची पिशवी घेऊन. शेजारी हंसतील, त्यांना हंसूं द्यावें. मग दोन-तीन वेळां एखादा लहान किल्ला चढून उतरावा. सिंहगडासारखा गड यासाठीं पुणेकरांच्या अगदीं दाराशीं आहे.

सामानाविषयीं वाद फार होतात आणि ते बहुतेक व्यर्थ असतात. दोन जादा ट्यूबा, पंक्चर जोडण्याचें साहित्य, पंप, साखळीचें तेल, पुढचा-मागचा दिवा, मजबूत ब्रेक, आणि डोंगरासाठीं तळ न घसरणारे वेगळे बूट, इतकें असलें म्हणजे पुरे. खाण्यास दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ, खारका. पाण्यांत चिमूटभर मीठ आणि साखर. खरा मुद्दा असा कीं हें सामान एकाच्याच पिशवींत असूं नये. पंप पुढें गेलेल्यापाशीं आणि फुटलेलें चाक मागें राहिलेल्यापाशीं, हा प्रसंग अननुभवी मंडळांत ठरलेलाच. सपाट रस्त्यावर एकामागें एक चालल्यास पुढचा वारा अडवितो आणि मागच्याचे श्रम बरेच वांचतात. म्हणून पुढची जागा आळीपाळीनें घ्यावी. घाटांत मात्र सर्वांत मंद असेल त्यानें पुढें राहावें आणि सर्वांत दमदार असेल त्यानें मागें. दमदार मित्राला ही व्यवस्था आवडत नाहीं. बैठकींतच त्याच्याकडून ती कबूल करून घ्यावी.

मित्रांची गोष्ट निघाली म्हणून मुंबईच्याच एका मोहिमेचा उल्लेख करणें योग्य होईल. १५ ऑक्टोबर १९२३ रोजीं सहा पारशी तरुण सायकलींवरून पृथ्वीप्रदक्षिणेस मुंबईहून निघाले. १८ मार्च १९२८ रोजीं प्रदक्षिणा पुरी करून परतले ते तिघे: आदि हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा. सुमारें ७१,००० किलोमीटरांची ती वाट होती. बाकीच्या तिघांची साथ वाटेंत निरनिराळ्या ठिकाणीं सुटली. निम्मे सोबती सुटले तरी मोहीम मोडली नाहीं, हें या तिघांचें मोठेपण. चार दिवसांच्या बेतांतहि हाच प्रश्न लहान रूपानें उभा राहतो. कोणाचा गुडघा इगतपुरीस दुखूं लागला तर तो एकटा रेल्वेनें परतेल कीं आणखी एक जण त्याच्याबरोबर जाईल? हें निघण्यापूर्वीं बोललें गेलें नाहीं, तर दुखणारा मनुष्य संकोचानें गप्प राहतो आणि दुखणें डोंगरावर घेऊन जातो.

आतां सर्वांत नाजूक प्रश्न रजेचा. इगतपुरी, बारी, चढाई आणि परत, असे या बेताला चार दिवस लागतात. मग त्यांतील एक वांचविण्याची युक्ति कोणास तरी सुचते. ‘दुपारीं डोंगर उतरूं आणि तसेच सायकलींवर बसून रात्रीं घरीं पोंचूं,’ ही ती युक्ति. १९५२ सालीं ऑस्ट्रियाचा हरमान बूल हा असाच सायकलीनें पित्स बादिले या शिखराकडे गेला, त्याची ईशान्येकडील भयंकर भिंत एकट्यानें साडेचार तासांच्या आसपास चढला, आणि सायकलीनेंच घरीं निघाला. वाटेंत त्याला सायकलीवरच डुलकी लागली आणि तो इन नदींत जाऊन पडला. सुदैवानें वांचला, पुढल्याच वर्षीं, ३ जुलै १९५३ रोजीं, नंगा पर्वताच्या माथ्यावर पहिलें पाऊल ठेवणारा तोच. अशा लोहपुरुषाची जर ही दशा, तर कचेरींत बसून काम करणाऱ्यानें थकल्या डोळ्यांनीं आणि बधिर बोटांनीं रात्रीं थळ घाट उतरावा काय? तेथें खालीं नदी नाहीं, मालमोटारी आहेत. तिसरी रात्र बारीसच काढावी. ती रजा मिळत नसेल तर बेत पुढें ढकलावा.

परत फिरण्याची वेळहि घरींच ठरवावी. स्वीडनचा योरान क्रोप १९९५ च्या ऑक्टोबरांत स्टॉकहोमहून सायकलीवर निघाला, तो हजारों किलोमीटर तुडवून एव्हरेस्टच्या पायथ्याशीं आला. ३ मे १९९६ रोजीं माथा शंभरेक मीटरांवर राहिला असतां, उशीर झाला म्हणून तो माघारा वळला. त्यानंतर आठवड्याच्या आंत त्याच पर्वतावर वादळ झालें आणि आठ माणसें दगावलीं. २३ मे रोजीं क्रोप कृत्रिम प्राणवायूवांचून शिखरावर पोंचला. सहा महिन्यांची पायपीट पाठीशीं असतां शंभर मीटरांवरून वळणें किती कठीण गेलें असेल! कळसूबाईवर एवढा प्रसंग येत नाहीं. तरी दहा वाजेपर्यंत माथा न आल्यास जेथें असूं तेथून उतरावयाचें, असें एकदां ठरलें म्हणजे शिडीपाशीं उभें राहून मतें घ्यावीं लागत नाहींत.

राहतां राहिली घरची मंडळी. त्यांची काळजी उडवून लावण्यापेक्षां तिला काम द्यावें. रोजचा मार्ग, मुक्कामाचें गांव, पोंचण्याची अदमासें वेळ आणि किती उशीर झाल्यावर चौकशी सुरू करावयाची, हें एका कागदावर लिहावें. भ्रमणध्वनी खिशांत असला तरी डोंगराच्या आड तो कधीं मुका होईल याचा नेम नसतो. कागदाची एक प्रत घरीं ठेवावी, दुसरी मोहिमेस न जाणाऱ्या एखाद्या भरंवशाच्या मित्रापाशीं. डोंगर उतरून बारीस आल्यावर प्रथम त्या दोन ठिकाणीं कळवावयाचें, हातपाय धुणें आणि जेवण मग.