पडद्यावरचा काळोख
(वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा संक्षिप्त पाठ)



गेल्या दिवाळीत माझा नातू संगणकावर लढाऊ विमान चालवीत होता. त्याने विमान जोराने वळविताच पडदा कडांकडून काळवंडू लागला. "आजोबा, काळोख आला की दांडा सैल सोडायचा, उजेड परत येतो," असे त्याने मला समजाविले. हे त्याचे म्हणणे अर्धेच खरे आहे. उरलेल्या अर्ध्यात वैमानिकाचे प्राण अडकलेले असतात.

पाण्याची बादली हाताने गरगर फिरविली असता पाणी सांडत नाही, तळाशी दाबून राहते, हा प्रयोग आपण सर्वांनी बालपणी केला आहे. वेगाने वळणाऱ्या विमानात वैमानिकाचे रक्त तसेच पायांकडे ओढले जाते. आता आपणांवर आहे तो भार १ जी; एफ-१६ विमान ९ जीपर्यंत वळू शकते. हृदयापासून डोळ्यांपर्यंतचे अंतर सुमारे ३० सेंटिमीटर. त्यामुळे दर वाढीव जीमागे डोळ्यांशी पोहोचणारा रक्तदाब पाऱ्याच्या सुमारे २२ मिलिमीटरने उतरतो. नेत्रगोलात मुळातच थोडा दाब असल्याने तेथे रक्त शिरणे आधी थांबते, म्हणून शुद्धीच्या आधी दृष्टी जाते. इथवर नातवाचा पडदा प्रामाणिक आहे.

परंतु दृष्टिपटल व मेंदू यांच्यापाशी प्राणवायूची सुमारे ५ सेकंदांची शिल्लक असते. भार सावकाश चढला तर काळोखाचा इशारा मिळतो. तोच भार एकदोन सेकंदांत चढला, तर शिल्लक संपेपर्यंत सारे लख्ख दिसते आणि मग इशाऱ्यावाचून शुद्ध हरपते! भार आणि काळ यांचा हा संबंध ॲलिस स्टोल यांनी १९५६ मध्ये आलेखाने मांडला होता. तरीही केवळ जीचा आकडा पाहून पडदा काळा करणारे सिम्युलेटर आजही आढळतात. ते अपुरे शिकवितात एवढेच नव्हे, उलटे शिकवितात.

खरे गणित जमाखर्चाचे आहे. भार किती झपाट्याने चढला, पोटऱ्या व पोट आवळून वैमानिक किती वेळ तग धरील, त्याआधी त्याने विमान खाली लोटले होते काय, हे सारे त्यात धरावे लागते. खाली लोटताना रक्त डोक्याकडे चढते, हृदय मंदावते, रक्तवाहिन्या सैलावतात. मागोमाग वर खेचल्यास नेहमीपेक्षा कमी भारातही शुद्ध जाते.

सहा पायांवर डोलणारा सिम्युलेटर कलणे आणि हिसका तेवढे देऊ शकतो. टिकून राहणारा भार अनुभवण्यास माणसाला फिरविणारे यंत्रच हवे. बंगळूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनमध्ये असे यंत्र आहे.

"मग पडद्यावर दाखवायचे कसे?" नातवाने विचारले. मी म्हटले, "स्वच्छ आकाश, मग एकदम काळोख. सुमारे १२ सेकंद कोणतीही कळ चालू नये. पुढे जवळजवळ तितकाच वेळ हात भलतीकडेच जावेत. विमान मात्र उडतच राहावे. आणि पुष्कळदा आपली शुद्ध गेली होती, हेदेखील वैमानिकाला आठवत नाही."

"ते कसे दाखविणार, आजोबा?"

यावर मजपाशी उत्तर नव्हते.